चाखेमामांचं पोट

चाखेमामा शाळेत रमले ते केस पिकल्यावर, आणि तेही फाटकाजवळच्या स्टुलावर, राखणदार म्हणून. लहानपणी शाळेत गेलेच नव्हते असं नाही. पण तेव्हा शाळेत फळा असायचा, जेवण नसायचं, आणि घरी तर फळाही नव्हता. मग शाळा सोडून हमालीला लागले. पोती वाहून लोकांचे खांदे भरतात, यांचे आणखी आत गेले. गल्लीत सगळे त्यांना काडी म्हणायचे. लग्नाचं बघायला आलेली माणसं आधी त्यांच्याकडे बघायची, मग एकमेकांकडे, आणि चहा न पिताच उठायची. शेवटी ते थोरल्या बहिणीकडे राहिले. ही अक्का शिवणकाम करते. भावाच्या पँटी कमरेत आत घेता घेता तिला चष्मा लागला.

शाळेत मुलांना दुपारचं जेवण फुकट सुरू झालं. ते आम्ही वस्तीतल्या बायकांनी मोर्चे काढून, भांडून मिळवलं होतं, कोणी उपकार केले नव्हते, हे इथेच सांगून ठेवते; वाढप नीट होतंय ना, हे बघायला मी रोज शाळेत हजर. पण जेवणाबरोबर वरून नियमही आला: शिजलेलं अन्न आधी एका मोठ्या माणसाने चाखायचं, अर्धा तास थांबायचं, तो धडधाकट दिसला तरच मुलांना वाढायचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांकडे बघितलं. सगळ्या शिक्षकांना एकदमच पित्त झालं. मग बाईंनी खिडकीतून फाटकाकडे बघितलं.

अशी ही नेमणूक. मरायला पाठवलेला माणूस जेवायला बसला.

चाखणं म्हणजे चमचाभर जिभेवर ठेवणं, असं तुम्हाला वाटेल. मामा तसले नव्हते.

"वरची भाजी चांगली असेल ताई, पण तळाची? पोरांच्या ताटात तळाचीही जाते ना?"

म्हणून ते वरची चाखायचे, मधली चाखायचे, तळाची चाखायचे. अंड्यांचं तर विचारूच नका.

"एक चांगलं निघालं म्हणून दुसरं चांगलंच असेल, याची हमी कोण देणार? तुम्ही देता का?"

नंतर ते व्हरांड्यात स्टुलावर बसायचे आणि सगळी शाळा पुढ्यात ताटं घेऊन त्यांच्याकडे टक लावून बसायची. मामांनी नुसती जांभई दिली तरी पहिलीतली एखादी मुलगी ओरडायची, "गेले! मामा गेले!" मग मामा हात वर करून दाखवायचे की आहे अजून.

बघता बघता मामांना पोट आलं. अक्काच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिने शेजारणींना घरी बोलावून भावाला मधोमध उभं केलं. "हात लावून बघा गं, खरं आहे. कापूस नाही भरलेला."

आणि इथेच माशी शिंकली.

जेवणाचा मुलांना फायदा होतो का, हे मोजायला पोषण खात्याचे एक साहेब आले. सोबत टेम्पोतून वजनकाटा आणला. काटा धान्याच्या गोदामातला, पोती तोलायचा. त्यावर सरकारी शिक्का होता, त्यामुळे तो बरोबर. पण त्यावर मूल चढवलं की काटा जागचा हलेना. दुसरं चढवलं, तेही बिनवजनाचं निघालं.

"दोघातिघांना एकदम चढवा की," मी म्हटलं.

"मग ते वजन कोणाचं म्हणायचं?" साहेबांनी विचारलं.

"दुसरा काटा आणा."

"हा शिक्क्याचा आहे, बाई."

मी तोंड उघडणार, एवढ्यात साहेबांना मार्ग सापडला. शाळेचं अन्न रोज नेमाने खाणारा आणि काट्यावर उमटणारा एकच माणूस आवारात होता. त्यांनी मामांना चढवलं. काटा असा काही उसळला की साहेब दोन पावलं मागे सरले.

पुढच्याच आठवड्यात हुकूम आला. शाळेचं पोषण उत्तम झालं आहे, सबब अंडी बंद, दूध बंद. वजन असंच वाढत राहिलं तर पुढच्या वेळी भाजीचाही विचार करण्यात येईल.

मुलांना कोणी काही समजावलं नाही. ती दुपारी अंड्याची वाट बघायची आणि मामांच्या पोटाकडे बघायची.

मी साहेबांच्या कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटला. त्यांनी मला नियम दाखवला. मी नियमावर हात आपटला. त्यांनी पाणी मागवलं. शेवटी डोक्यात एकच गोष्ट शिरली: पुढच्या तपासणीपर्यंत मामांना वाळवायचं. मी रोज सकाळी त्यांना मैदानाभोवती पळवायला लागले. ते बिचारे पोट दोन्ही हातांनी धरून पळायचे, कोणाची तरी अमानत असल्यासारखं.

अक्का तावातावाने माझ्या दारात आली. "जन्मात पहिल्यांदा माझ्या भावाच्या अंगाला मांस लागलं, ते तुझ्या डोळ्यांत खुपतंय होय गं? मोर्चे काढून पोट भरत नाही वाटतं तुझं!"

बाई खरं बोलत होती. मला राग आला तो त्याचाच.

मामा मात्र एका शब्दाने मला बोलले नाहीत. उलट त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. चाखायचं, पण गिळायचं नाही. त्या दिवशी त्यांनी भाजीचा घास घेतला, शांतपणे चावला आणि कोपऱ्यात जाऊन थुंकला.

सगळी शाळा बघत होती.

"विष आहे! मामांनी थुंकलं!"

ताटं उडाली, बाकं उलटली, दोन पोरं कुंपणावर चढली. मावशीने, म्हणजे स्वयंपाकिणीने, पातेल्याशी उभं राहून छाती बडवली, "अगं, माझ्या हातचं आहे गं ते!" पण एकानेही घासाला हात लावला नाही. पोरं उपाशीपोटी घरी गेली. मामा रिकाम्या व्हरांड्यात स्टुलावर बसून राहिले.

"खाल्लं तर उद्याचं जातं, नाही खाल्लं तर आजचं जातं," ते म्हणाले. "ताई, माझं पोट म्हणजे वैरी झालंय पोरांचं."

दुसऱ्या दिवसापासून ते पहिल्यासारखे गिळायला लागले, आणि पळणं वाया जाऊन वजन होतं तिथेच राहिलं.

तपासणीचा दिवस उजाडला. काटा आला, साहेब आले. पातेली उतरली, वाफा निघाल्या, पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. मावशीने चाखायचा डाव मामांच्या हातात दिला. मामांनी तो भाजीत बुडवला, वर काढला, वास घेतला. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. मग त्यांनी तो भरलेला डाव साहेबांच्या पुढे धरला.

"घ्या साहेब. आजपासून मी चाखत नाही. मी नोकरीला फाटकावर आहे."

"अहो, मग चाखणार कोण?"

मोठ्या बाईंनी आयुष्यात कधी एवढ्या चपळाईने उत्तर दिलं नसेल. "चाखणारा नसेल तर हजर असलेल्यांतला सर्वांत वरिष्ठ, असं नियमात आहे साहेब." आणि त्या मागे सरकल्या.

साहेबांचं पोट नाजूक, अंग त्याहून काडी. घरून उकळलेलं पाणी आणणारा माणूस. पण ताटांचा आवाज वाढत चालला, आणि दाराशी पोरांच्या आया उभ्या होत्या. साहेबांनी डोळे मिटून घास गिळला. अर्धा तास शाळेने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "अजून थोडी मिळेल का?"

"आधी काट्यावर चढा," मी म्हटलं.

"मी का म्हणून?"

"चाखणाऱ्याचं वजन घ्यायचं. नियम कोणाचा?"

साहेब चढले. काटा किंचित थरथरला, हलावं की नको असा विचार केला, आणि जेमतेम सरकला. मागच्या खेपेच्या निम्म्यावरही नाही. सोबत आलेल्या कारकुनाने आकडा खणखणीत वाचला आणि घाबरून म्हणाला, "साहेब, शाळा तर पार खंगली!"

सही साहेबांनाच करावी लागली. अंडी परत आली, दूध आलं, वर केळंही सुरू झालं. चाखणारा म्हणून नोंद साहेबांच्या नावावर पडली, ती आता निघता निघत नाही. ते रोज दुपारी स्कूटरवरून येतात, एक घास घेतात. दुसरा मागितला की मावशी माझ्याकडे बघते आणि मी मान हलवते. नाही म्हणजे नाही.

मामा आता सगळ्यांत शेवटी जेवतात, उरलं तर. पहिल्यासारखं तळाचं, मधलं, वरचं काही राहिलं नाही. चार दिवस मी बघत होते, त्यांचं तोंड उतरलं होतं. काल जेवणं उरकल्यावर ते ताट घेऊन आत आले, पातेल्यात वाकले. आत काही नव्हतं. एवढ्या अंड्यांतलं एकही नाही. ते बराच वेळ वाकूनच उभे होते. मला वाटलं आता रडतील.

ताट पालथं ठेवून ते मावशीला म्हणाले, "उद्यापासून थोडं जास्त टाका हो. पोरं वाढायला लागलीत."