सायकलचे छर्रे

पिपरी मेघेतल्या सायकलवाल्याने नातीच्या सायकलचं चाक खोललं आणि आतले छर्रे वाटीत ओतले. तो खळखळ आवाज ऐकला आणि मला माझे सासरे, मामाजी, आठवले.

मी नवी सून होते. रानडुकरं आमचा उन्हाळी भुईमूग उकरत होती. मामाजींकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, पण त्या वर्षी शिशाचे छर्रे वर्ध्यात कुठेच मिळेनात. शेवटी त्यांनी जुन्या सायकलचे छर्रे काढले, धोतराने पुसून लख्ख केले आणि बंदुकीत भरले. "शिशाची सर नाई याले," ते सासूबाईंना म्हणाले, "पण भागवून घेऊ."

संध्याकाळी शेतातून बार ऐकू आला आणि पाठोपाठ डुकराचं किंचाळणं. ते किंचाळणं नाल्याकडे दूर दूर जात राहिलं.

उजाडताच मामाजी रक्ताचा माग काढत गेले. दुपारी परतले ते ओसरीवर मान खाली घालून बसले. डुक्कर हातचं निसटलं म्हणून लोक हसतील, याची त्यांना लाज वाटत असेल, असं तेव्हा मला वाटलं. मी पाण्याचा गडवा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"अशा छऱ्यानं जनावर लवकर मरत नाई, हे मले मालूम होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्याले कुठं पाणी भेटलं असन का, पोरी?"

नाला होळीआधीच आटला होता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.