बार्शीहून येणारी बाई

माणूस बाजारात जातो आणि वस्तू घेऊन येतो. आमच्या नांदूरघाटची मंडळी बाजारात गेली की वस्तू मागे राहायची आणि किस्से आधी घरी पोचायचे! सोनाआत्यासाठी शिवायची मशीन घेतली, तेव्हा तर गाडीभर किस्से झाले. अजून कुणी जुनं माणूस भेटलं की त्यातला एखादा निघतोच.

सोनाआत्या आमच्या गावच्या वाकळा शिवायची. एकटी बाई. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालत बसायची. गावात पोर जन्मलं की त्याची पहिली वाकळ तिच्या हातची. आम्ही सगळे त्याच वाकळांत वाढलो. पुढे तिची बोटं सुजायला लागली, सुई धरवेना. रडायची नाही, पण हात पदराखाली लपवायची. ते बघवेना, म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं, आत्याला मशीन भेट द्यायची. मी, बैलांचा दलाल बापूराव आणि भजनातला दत्तोबा. तिघांतल्या एकालाही साधं बटण लावता येत नव्हतं!

*

मशीन मिळायची बार्शीला. म्हणजे निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात. गाडी जुंपून गेलो.

दुकानात बापूरावानं मशीनभोवती फेरी मारली. तिचे पाय चाचपले. चाक फिरवून कान लावला. मग गंभीरपणे विचारलं, "खोड काय हाय हिला?"

शेठ म्हणाला, "अहो, नवी कोरी आहे!"

"नवी हाय म्हनूनच इचारतो. जुनीची खोड दिसती तरी!"

मग त्यानं सवयीनं उपरणं पसरलं आणि त्याखाली शेठचा हात धरला. बैलाचा भाव असाच ठरतो, तोंडानं न बोलता, बोटं दाबून. शेठ दचकून मागे सरला. "हात का धरताय? भाव पाटीवर लिहिलाय की!"

बापूराव माझ्याकडे वळला. "समद्यांना दिसनारा भाव! ह्याला सौदा म्हनत्यात व्हय बे?"

*

मी घरून माझी वाकळ नेली होती. मशीनला एवढी जाडी पेलते का, ते बघायला नको? पहिल्या मशीनची सुई कटकन मोडली. दुसरीचीही मोडली. तिसरीजवळ वाकळ नेली, तसा शेठच आडवा आला! शेवटी त्यानं आतून एक थोराड मशीन काढली. जाड कापडाची, पायानं चालवायची. तिनं वाकळेवर वीतभर टीप घातली. आम्ही बघतच राहिलो.

पण दत्तोबा अडला. "पायानं? बाळाच्या अंगावरची वाकळ पायानं शिवायची? आत्या हात लावनार न्हाई हिला."

"हात कुठं लावायचाय? पायच लावायचाय!" बापूराव म्हणाला.

वाद मिटेना. शेवटी मशीन राखून ठेवायला सांगितली आणि आधी आत्याच्या मनातलं काढून घ्यायचं ठरलं. रिकाम्या गाडीनं परत!

*

एके दिवशी आत्या आमच्याकडे आली. अंगणात माझी वाकळ उन्हात टाकली होती, आणि बापूराव, दत्तोबा गप्पा मारत बसले होते. आत्याची नजर थेट त्या वीतभर टिपेवर.

"ही शिवनारी बाई कोन?"

सांगणार कसं? भेट गुपचूप द्यायची होती ना!

आत्यानं वाकळ डोळ्यांजवळ नेली. "एक टाका ल्हान न्हाई, एक मोठा न्हाई. हिच्या घरी लेकरूबाळ न्हाई बग. शिवताना एकदाबी उठली न्हाई!"

मला हसू आवरेना. तेवढ्यात तिनं हात पदराखाली घेतले. "माजी बोटं गेली म्हनून दुसरी बगितली व्हय रे? कुठली हाय?"

"बार्शीची," बापूराव बोलून गेला. "येनार हाय हितंच. बाजाराच्या दिशी. तुज्याच घरी उतरंल."

दत्तोबानं संधी साधली. "आत्या, कुनी पायानं वाकळ शिवली, तर चालंल का?"

"मी जनमभर वाकळंवर बसूनच शिवते की! तवा पाय काय खुंटीला टांगते?"

दत्तोबाची शंका तिथेच मिटली. आत्या गेल्यावर माझी बायको मात्र चिडली. "सांगून टाका तिला. तोंड बगितलं का तिचं?" बापूराव ऐकेना. त्याला गंमत बघायची होती.

*

पुन्हा बार्शीला जाऊन मशीन घेऊन येताना निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर गाडी अडवली. जकात लावायची, पण कशात धरून? नाकेदार बुचकळ्यात पडला. "ये धान नै, कपडा नै. क्या लिखूं मैं?"

बापूराव म्हणाला, "चार पाय हायत, सायब. जनावरात घ्या!"

"दूध देती क्या?"

"न्हाई बा."

"फिर भाकड लिखता हूं!"

*

बाजाराच्या दिवशी गाडी आत्याच्या दारात लागली. आत्या धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. हातात भाकरतुकडा, नव्या माणसावरून ओवाळून टाकायला. आतून पुरणाचा वास येत होता. आत्या गाडीत डोकावली.

"बाई कुठं हाय?"

दत्तोबानं मशीनवरचं पोतं ओढलं. बापूरावानं गाडीतच बसून, शेठनं दाखवलं होतं तशी, एका चिंधीवर टीप घातली आणि चिंधी आत्याला दिली. तिनं सुजलेल्या बोटानं टीप चाचपली. मशीनकडे बघितलं. मग आमच्याकडे.

"मेल्यांनो!" एवढंच म्हणाली आणि दारातच खाली बसली.

तेव्हा माझं लक्ष उंबऱ्याजवळ गेलं. तिथे एक गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"आत्या, हे कुनाचं?"

"माजं. भावाकडं निघालते, त्याच्या गावी. तिला ऱ्हायला जागा नगं का?"

 दत्तोबा खाली बघत राहिला. बापूराव उगाच बैलांच्या कासऱ्यांशी चाळा करू लागला.

आत्या उठली. भाकरतुकडा मशीनवरून ओवाळून टाकला. मग गाठोड्याची गाठ सोडायला बसली. बोटांनी सुटेना. आम्ही पुढे झालो, तर हातानंच मागे सारलं. गाठ दातांनी सोडली. आतलं एक लुगडं काढलं, त्याची घडी घातली आणि खिडकीजवळ अंथरली.

"उतरवा हिला," ती म्हणाली. "भुई गार हाय."