सुनेचा अडकलेला प्रोग्रॅम आणि माझ्या साड्या

माझी सून घरात बसून दुकानांचे प्रोग्रॅम दुरुस्त करते. दुकानदार ज्याच्यावर बिल करतो, किती माल उरला ते बघतो, तो प्रोग्रॅम. मोबाईलवरचा नाही, टेबलावरच्या मोठ्या कंप्युटरवरचा. तिची कंपनी संभाजीनगरला आहे. लग्नानंतर ती रोज जालन्याहून बसने तिकडे जायची. बाळ झालं तेव्हा कंपनीतल्या सरांनी तिला घरून काम करायची मुभा दिली, पण सांगून ठेवलं की काम अडलं तर ऑफिसला यावं लागेल.

ती ऑफिसला जायला लागली तर सकाळी निघून अंधार पडल्यावर येणार, आणि बाळ दिवसभर माझ्याकडे. मी दुकानांच्या साड्यांना फॉल लावते. रांगतं मूल आणि सुई एका खोलीत चालत नाही. माझे गुडघेही आता त्याच्या मागे पळू देत नाहीत. मूल सांभाळायचं तर साड्या सोडाव्या लागणार, हे मला दिसत होतं. म्हणून तिचं काम अडू नये असं तिच्याइतकंच मलाही वाटायचं. तिला मी हे कधी सांगितलं नाही. मला मनातलं सांगायला जमत नाही, माहेरीही जमायचं नाही.

तिची एक सवय आहे. मोठ्याने बोलल्याशिवाय तिला सुचत नाही. ऑफिसात शेजारी एक मैत्रीण बसायची, तिच्याशी बोलायची. घरी मी. दुपारी बाळ झोपलं की मी पदर कमरेला खोचून साडी मांडीवर घेते आणि ती हाक मारते, "आत्या, ऐका बरं." मग सुरू. काय दाबलं की काय व्हायला पाहिजे होतं आणि काय होऊन राह्यलंय. मी चौथी शिकलेली. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. तरी मी "हं" म्हणते. "हं" नाही म्हटलं तर ती थांबते आणि म्हणते, "ऐकताय ना?"

आमचे हे रिक्षा चालवतात. दुपारी जेवायला आले की हसतात. "कंप्युटरला बी सासू लागती म्हणायची."

एकदा आष्टीच्या एका बियाण्यांच्या दुकानाचं काम आलं होतं. कालची विक्री प्रोग्रॅम भलत्याच महिन्यात दाखवायचा. ती मला सांगत होती, हा दिवस, हा महिना, हे वर्ष, आणि बोलता बोलता मध्येच म्हणाली, "थांबा, थांबा." खूप वेळ टकटक केली आणि हसली. तिथल्या कंप्युटरवर आधी महिना आणि मग दिवस असं धरलेलं होतं, आणि आपले लोक आधी दिवस लिहितात. "आत्या, तुम्ही हुशार आहात," म्हणाली. मी दोरा कापत होते. असं म्हटलेलं मला आवडत नाही, कारण ते खरं नाही. मी नुसती बसलेली असते. बसूनही माणूस थकतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

नंतर कापडदुकानाचं लचांड आलं. दुकान आमच्याच जुन्या जालन्यात, चार गल्ल्या पलीकडे. ठोक कापडाचं जुनं दुकान, पांढऱ्या गादीवर बसणारे म्हातारे सेठजी. त्यांचा प्रोग्रॅम चार-सहा दिवस नीट चालायचा आणि मग अडकायचा. बिल अर्धं झालं की स्क्रीन पांढरी पडायची. गिऱ्हाईक उभं, दिवाणजी माऊस आपटतायत, आणि सेठजींचा फोन सरांना. सरांचा फोन सुनेला.

पहिल्यांदा तिला वाटलं, प्रोग्रॅम मालाची बेरीज करण्यात गुंततो म्हणून अडकतो. मला समजावून सांगितलं, "आत्या, तुम्ही एकट्या घरात आहात, पोळी तव्यावर आहे आणि दार वाजलं. तुम्ही पोळी सोडून उठत न्हाईत. बाहेरच्याला वाटतं, घरात कुणीच न्हाई. तसं झालंय त्याचं." मग तिने बेरजेचं काम मागच्या मागे चालेल असं करून दिलं, म्हणजे दार उघडायला एक जण मोकळा. दोन दिवस तिचा चेहरा उजळला होता. मग प्रोग्रॅम पुन्हा अडकला.

दुसऱ्यांदा कळलं की प्रोग्रॅम मालाची फाईल उघडायला जातो तेव्हा त्याला उत्तर येतं, ही दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे. "दुसरं कोण?" ती मला विचारायची. "दुकानात कंप्युटर एकच. कोण धरून बसलंय?" मी काय सांगणार? तिने तेच दुकान आपल्या कंप्युटरवर मांडलं, तीच फाईल, तोच माल. दिवसभर खोटी बिलं करत राहिली. तिच्याकडे एकदाही अडकला नाही. तिकडे अडकायचा, इकडे नाही.

फोनवरून दुकानाचा कंप्युटर बघायची सोय आहे त्यांच्याकडे. पण कंपनीची पद्धत अशी की तक्रार आली की ऑफिसातला माणूस आधी म्हणतो, रीस्टार्ट करा. सुनेपर्यंत काम येईपर्यंत कंप्युटर बंद होऊन चालू झालेला असायचा आणि सगळं बराबर चालत असायचं. "पेशंट बरा झाल्यावर डॉक्टरला बोलावतात," ती चिडून म्हणायची. चिडली की ती बाळाला जास्त जोरात थोपटते.

शेवटी सरांचा फोन आला. मी शेजारीच होते. सर वाईट बोलले नाहीत. म्हणाले, सेठजी प्रोग्रॅम काढून टाकायचं म्हणतायत. या आठवड्यात नाही सुटलं तर पुढच्या सोमवारपासून ऑफिसला या, सगळे मिळून बसू. ती "हो सर, हो सर" म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. सोमवारपासून म्हणजे काय ते आम्हा दोघींना कळलं होतं. मी उगाच सुईत दोरा ओवत बसले. ती म्हणाली, "चहा ठेवू का?" मी म्हटलं, "ठेव."

संध्याकाळी हे घरी आले. तिने त्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, दुकान चार गल्ल्यावर हाय. हितून काय दुर्बिणीतून बघून राह्यली? जाऊन बघ की."

"आमच्यात तसं जात न्हाईत, मामा. सगळं फोनवर असतं."

"तुमच्यात म्हणजे कोणात? तू तर जालन्यातच बसलीस."

थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "आत्या, उद्या सकाळी येता का? बाळाला कोण घेईल न्हाईतर?"

मला दुकानात समोरून शिरायचं म्हटलं की पाय जड होतात. साड्या आणायलाही मी मागच्या दाराने जाते. पण गेले.

आम्ही पोचलो तेव्हा शटर नुकतंच वर गेलं होतं. दिवाणजी गादी झटकत होते. सेठजींनी हात धुतले, लक्ष्मीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, ती तशीच हातात घेऊन टेबलाजवळ आले आणि कंप्युटरपुढे ओवाळली. त्याच्यावर भरतकामाचं कापड झाकलेलं होतं. ते काढून नीट घडी केलं. मग स्क्रीनचं बटन दाबलं. उजेड आला, आणि कालचं शेवटचं बिल तसंच समोर. सेठजींनी माऊसने ते खालच्या पट्टीत ढकललं, हात जोडले आणि प्रोग्रॅमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. नवी कोरी स्क्रीन उघडली. "हं, आता बसा," दिवाणजींना म्हणाले.

सून पुढे झाली. "सेठजी, तो तर उघडाच होता की."

"तो कालचा, बेटा. कालच्यावर बोहनी करतात का कुणी? बोहनीचा मी माझ्या हाताने उघडतो. रोज."

"आणि रात्री बंद?"

"बंद कशाला? दिवाळीच्या पूजेपासून डबा चालूच हाय. देवापुढची समई चालू, तसा हा चालू. फक्त तोंड झाकतो. इन्वर्टर हाय, लाईट गेली तरी फिकीर न्हाई."

"मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, एकच उघडतो."

"एकच उघडतो. रोज एक."

दिवाणजी तोंड फिरवून हसले. सुनेने माऊस हातात घेतला आणि स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर नेला. तिथून बारीक बारीक चित्रं एकाशेजारी एक वर आली. मागच्या रीस्टार्टपासूनच्या बोहन्या, सगळ्या उघड्या, सगळ्या त्या एकाच फाईलला धरून बसलेल्या. शिवाय मध्येच अडकलं की दिवाणजी आणखी एक उघडायचे, ते वेगळंच.

"हे सगळे मागं होते?" सेठजी चष्मा लावून वाकले. "मला वाटलं, जुने आपोआप जात असतील. कालचा दिवस जातो तसं."

सुनेने त्यांना खूप सांगितलं. रात्री बंद करत जा, सकाळी चालू करा, बोहनी त्याच्यावर करा. सेठजी मान हलवत राहिले, पण नकाराची. "न्हाई जमायचं बेटा. रीस्टार्ट म्हणता तेव्हा करू देतो, त्यो लगेच पेटतो परत. रात्रभर अंधारात लक्ष्मी ठेवायची म्हणता? एवढं सोडून बोल." मग माझ्याकडे वळून, "मावशी, तुम्ही सांगा हिला." मी बाळाचं टोपरं नीट करायला लागले.

वाटेत ती सगळा रस्ता बडबडत होती. बाळ माझ्या खांद्यावर, उन्हं वर आलेली, रिक्षावाले हॉर्न वाजवतायत आणि ही, "आता ह्यांना काय शिकवू? माझं काय त्यांच्या देवाशी भांडण हाय का?" मला हात बदलायचा होता पण ती थांबेना. किराणा दुकानापाशी आल्यावर एकदम म्हणाली, "सेठजी बदलणार न्हाईत. मी काहून त्यांना बदलत बसले?"

घरी येऊन तिने चप्पलही नीट काढली नाही. मी पाणी दिलं. ती सांगत गेली आणि टकटक करत गेली. प्रोग्रॅमने उघडताना आधी मागे बघायचं, आपण आधीच उघडे आहोत का. असलो तर दुसरा उघडायचाच नाही. तोच पुढे आणायचा, कालचं अर्धं राहिलेलं बिल बाजूला ठेवायचं आणि आजच्या तारखेची कोरी स्क्रीन दाखवायची. सेठजींना वाटणार, नवाच उघडला. त्यांची बोहनी त्यांच्या हातून होणार. "हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं, आत्या. कॉलेजात शिकवतात हे. सगळ्या प्रोग्रॅमात असतं. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई." तिला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. मी म्हटलं, "झालं ना? जेव आता."

संध्याकाळी तिने तो घरूनच दुकानाच्या कंप्युटरवर चढवला. चार दिवस गेले, सोमवार गेला, आठ दिवस गेले. दुकानातून फोन नाही. मी रोज मनात म्हणायचे, आजही नाही आला. माझ्या साड्यांचा ढीग मी त्या आठवड्यात हलक्या हाताने संपवला. बऱ्याच दिवसांनी मानेतली कळ कमी होती.

मग सरांचा फोन आला. सर खूष होते. त्यांचा आवाज फोनमधून बाहेर येत होता. म्हणाले, दुकानात जाऊन बघायचं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही आता हेच करा. जालना जिल्ह्यातली आपली सगळी दुकानं तुमच्याकडे. भोकरदन, परतूर, आष्टी. जाऊन बघा, लोक कसं वापरतात ते. पगारही वाढवू. ऑफिसला यायची गरज नाही.

तिने फोन ठेवला. मग ती म्हणाली, "ऑफिसला जावं लागू नये म्हणून एवढं केलं, आणि आता गावोगाव."

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

ती बाळाच्या पायातला वाळा फिरवत बसली. मग म्हणाली, "हो, आत्या. त्या दिवशी दुकानात ते सगळं खालून वर आलं ना, तेव्हा मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसात तसं वाटलं नव्हतं." आणि घाईने, "पण तुम्हाला जमत नसंल तर मी न्हाई म्हणते सरांना. खरंच म्हणते."

मला माहीत होतं, ती खरंच नाही म्हणाली असती. तेच अवघड होतं. नाही म्हणून घरात बसली असती, आणि रोज दुपारी मी तिचं तोंड बघत बसले असते. मी म्हटलं, "रोज नको जाऊस. रोज मला झेपणार नाही." एवढं वाक्य बोलायला मला घाम आला. ती म्हणाली, "आठवड्यातून तीन दिवस." मी म्हटलं, "दोन." ती हसली. "बरं, दोन."

ती पहिल्यांदा भोकरदनला गेली त्या दिवशी यांनी तिला रिक्षाने स्टँडवर सोडलं. बाळ दारात बसून रडलं, मग विसरलं, आणि माझ्या टोपलीकडे रांगत आलं. मी सुया, कात्री, दोऱ्याची रिळं सगळी उचलून फडताळात वर ठेवली. दुपारी ते झोपलं तोवर मलाही झोप आली होती. मांडीवर घेतलेली एक साडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सून घरी होती. मी बाळ तिच्याकडे दिलं आणि साड्या देणाऱ्या दुकानात गेले. मागच्या दाराने. दुकानातल्या बाईंनी नेहमीसारखा गठ्ठा पुढे सरकवला. मी त्यातल्या निम्म्या काढून परत ठेवल्या.

"काय झालं मावशी? तब्येत बरी न्हाई का?"

"बरी आहे," मी म्हटलं. "घरात नातू आहे."

त्यांनी उरलेल्या साड्या पिशवीत भरून दिल्या. पिशवी हलकी होती. घरी येईपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून आणली.