भट्टीकडच्या ओळी

दामूअण्णांना मी फसवलं. करमाडजवळच्या त्यांच्याच बागेत, त्यांचाच चहा पिऊन. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरीसुद्धा नाही.

मी मोसंबीचा व्यापारी. झाडावरची फळं बघून अख्खी बाग एकरकमी, उक्ती घेतो. हातगाडीपासून इथवर आलो तो घासाघीस करूनच, आणि त्याची लाज मला कधी वाटली नाही. पण त्या दिवशी?

शेजारी लोखंडाची भट्टी नुकतीच सुरू झाली होती. तिच्याकडच्या ओळींची पानं कडेनं करपलेली, वर काळी भुकटी — बोटानं पुसली तरी निघेना. पलीकडच्या ओळी हिरव्यागार. वाळूजच्या कारखान्यांकडं हे मी आधी पाहिलं होतं. पैठणकडच्या बिनधुराच्या बागेत पान हाताला किती गुळगुळीत लागतं, तेही ठाऊक होतं. हे धुराचं काम, लगेच कळलं.

पण धूर म्हटलं असतं तर अण्णा भट्टीवर चिडले असते, भावात नमले नसते. दोष घरातला निघाला की माणूस वाकतो.

मोसंबीला फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडतात. त्याला ताण म्हणतात. मी चुकचुकलो. "अण्णा, ताण लई ओढला. पाणी कुणाकडं होतं?"

"सुभाषकडं." धाकट्या भावाचं नाव घेताना त्यांचा आवाज पडला.

"मग व्हय! पोरखेळ केला राव त्यानं."

सौदा माझ्या मनासारखा झाला. पुढचं कानावर येत गेलं — भावाभावांचं बोलणं बंद, सुभाष बजाजनगरला कंपनीत. त्या ओळी वाळल्या, अण्णांनी उपटून टाकल्या.

आता त्याच शिवारात माझी बाग आहे. जमीन स्वस्तात मिळाली. धूर इतक्या लांब येणार नाही, असा माझा हिशेब. आला. भट्टीवाले फाटकात घेत नाहीत. प्रदूषण खात्याचे साहेब म्हणतात, तक्रारीवर आसपासच्यांच्या सह्या आणा. कुणाकडं जाणार? भट्टीला सगळ्यात जवळ अण्णाच.

"सही कशी करू?" अण्णा म्हणाले. "आमची झाडं धुरानं नाय गेली. सुभ्यानं पाणी तोडून मारली. तुम्हीच तर दाखवलं."

भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा मी — कागदाची घडी घालून उठलो. खरं तेव्हाही सांगितलं नाही.

भट्टीवाल्यांनी या धुराचा जाब दिलाच पाहिजे. आणि सुभाषचा? तो जाब माझ्याकडं मागायला हवा. त्यानं पाणी बरोबर दिलं होतं. मला ते त्याच दिवशी माहीत होतं.