जादूच्या वस्तूला अट हवी

मंगळवारी सकाळी निमकरबाईंचा फोन आला. त्यांना कर्करोग झाला होता. तिसऱ्या खंडाचा अनुवाद ठरल्या वेळी मिळेल, असं त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या खंडाची मुद्रितं घेऊन चारच्या सुमाराला या, म्हणाल्या.

मी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीचा जिना चढेपर्यंत ते विसरलोही. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लिमये, मुद्रितांत फार चुका निघाल्या का? की हा चेहरा माझ्यासाठी केलाय?"

बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासत असे. पुण्यात आयटी येण्याची ती वर्षं. कोथरूडमधले बंगले पाडून इमारती उठत होत्या, हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस चौकाचौकांतून मुलं गोळा करत होत्या. ज्या आईबापांनी मुलांना हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्यांना आता ती मराठी वाचत नाहीत म्हणून झोप येत नव्हती. आमच्या मालकांनी या निद्रानाशात धंदा ओळखला आणि परदेशातली एक अद्भुत कादंबरी अनुवादासाठी घेतली. तिचे तीन खंड होते आणि प्रत्येकात एक जादूची वस्तू होती. पहिल्यात जोडे, दुसऱ्यात तलवार, आणि तिसऱ्यात एक भांडं. त्या भांड्यातलं पाणी पिणाऱ्याला मरण नव्हतं.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते या भांड्यावरून मालकांशी वाद घालताना. मालकांना 'अमृतकलश' हा शब्द हवा होता. बाई म्हणाल्या, "कलश म्हटलं की आपले लोक हात जोडतात. हात जोडले की पुस्तक खाली पडतं. वाटी म्हणा." वाटी फार घरगुती वाटते, अशी मालकांनी तक्रार केली. "मरणही घरीच येतं," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी कुणी राजवाडा बांधत नाही." मालकांनी चहा मागवला. हरले की ते चहा मागवत.

जादूच्या वस्तूंबद्दल बाईंचा एकच सिद्धांत होता आणि तो त्या कुणी विचारलं नाही तरी सांगत. "जादूच्या वस्तूला अट हवी. अट नसलेली जादूची वस्तू म्हणजे मिक्सर." ही कादंबरी त्यांनी हाती घेतली तीही त्यामुळेच. तिच्यातले जोडे हवं तिथं नेत, पण घरी परत आणत नसत. तलवार कधी हरत नसे, पण ती उपसणाऱ्याला आपण कुणासाठी लढतो आहोत हे आठवत नसे. वाटीतलं पाणी पिणारा मरत नसे, मात्र दर घोटाला त्याचं एक माणूस त्याला ओळखेनासं होई. पहिल्या खंडाच्या प्रकाशनाला एका पालकांनी विचारलं, असल्या जोड्यांवर आजची मुलं विश्वास ठेवतील का? बाई म्हणाल्या, "विश्वासाचं कशाला विचारता? आमच्या इमारतीतल्या कितीतरी मुलांनी ते घातलेत. त्यांचे आईबाप दर रविवारी संगणकासमोर इस्त्रीचे कपडे घालून बसतात." लोक हसले. पहिल्या रांगेतले काही हसले नाहीत.

आजाराची बातमी पसरली तशी बाईंच्या घरी जादूच्या वस्तूंची रीघ लागली. शेजारच्या काकू गव्हांकुरांचा रस आणत. शाळेतल्या जुन्या सहकारी कुठल्याशा डोंगरी फळाचा अर्क घेऊन आल्या. कुणी अंगारा आणला, सोसायटीच्या चेअरमननी तांब्याचं कडं आणलं. बाई सगळं ठेवून घेत, आणि प्रत्येकाला विचारत, "याची अट काय?" बहुतेकांना प्रश्न कळत नसे. चेअरमन म्हणाले, अट कसली, फक्त श्रद्धा हवी. बाई कडं निरखून म्हणाल्या, "म्हणजे गुण आला तर कड्याचा, नाही आला तर दोष माझा. कडं हुशार आहे हो."

सगळ्यांत मोठी वस्तू अनिकेतनं आणली.

अनिकेत हा बाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याची आई तो लहान असतानाच गेली, वडील बदलीच्या नोकरीत, म्हणून तो बाईंकडेच वाढला. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कारण विचारणाऱ्याला त्या "राहून गेलं" एवढंच सांगत, एखादी पिशवी बसमध्ये राहून जावी तसं. अनिकेत सॉफ्टवेअर कंपनीत होता. वाघोलीला त्यानं फ्लॅट घेतला होता, पण राहत होता आत्याकडेच. कंपनीतल्या एका मित्राकडून त्यानं चुंबकाची गादी आणली. त्या काळात आयटीतली निम्मी मुलं दिवसा संगणकाची आणि सुट्टीच्या दिवशी असल्या गाद्यांची सेवा करत. गादी पलंगावर पसरत तो सांगत होता की हिच्यानं रक्त कसं खेळतं राहतं आणि आत्यानं फक्त झोपायचं आहे.

"अट काय?"

"अट नाही गं आत्या. फक्त मेंबर व्हावं लागतं, आणि आपल्या खाली दोन मेंबर जोडायचे."

"म्हणजे मला जगायचं असेल तर आणखी दोघांनी आजारी पडायला हवं."

मी हसलो. अनिकेत हसला नाही. त्यानं चादर चारी बाजूंनी नीट खोचली आणि तो आत गेला. बाई त्या गादीवर झोपू लागल्या. गुण काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाठ दुखते. पण चुंबकांची तब्येत उत्तम आहे."

पहिल्या उपचारांचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवलं. त्या दिवशी रुग्णालयात अनिकेतबरोबर मीही होतो. बाईंनी डॉक्टरांनाही तेच विचारलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अट आहे," ते म्हणाले. "काही महिने मिळतील. तेही कदाचित. त्यातले बरेच इथं जातील. बोटं बधिर होतील, डोकं जड राहील. लिहिणं-वाचणं जमेल असं मी म्हणणार नाही."

बाईंनी त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आपली वस्तू काय आहे हे माहीत असलेला हा पहिला माणूस भेटला." औषध नको, असं त्यांनी रिक्षात बसतानाच सांगून टाकलं. तिसऱ्या खंडाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि ते त्यांना शुद्धीत असताना करायचं होतं.

घरी आल्यावर अनिकेत म्हणाला, "पुस्तक महत्त्वाचं की तू?"

"दोघांपैकी एकच पुरं होण्यासारखं आहे," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यानं आत्याशी बोलणं टाकलं. दुखण्यावरच्या गोळ्या वेळेवर देई, डबा भरून कंपनीत जाई, सुट्टीच्या दिवशी आत्याचे रिपोर्ट देशोदेशींच्या डॉक्टरांना पाठवत बसे. उत्तरं येत. ती तो कुणाला दाखवत नसे. बाईंची बोटं आता औषधाशिवायच थकू लागली होती. त्या सांगत आणि मी लिहून घेई. मध्येच थांबून त्या स्वयंपाकघराच्या दिशेनं कान देत. तिथं फक्त भांड्यांचे आवाज असत.

त्याच सुमारास मालक समाचाराला आले, सफरचंदं घेऊन. शेवटचं प्रकरण त्यांनी मूळ इंग्रजीत वाचलं होतं. त्यात वाटीतलं पाणी पिणाऱ्या राणीला ओळखणारं एकच माणूस उरतं, तिची नात. तेव्हा राणी वाटी पालथी घालते आणि मरते. मालक म्हणाले, मुलांचं पुस्तक आहे, पालक नाराज होतील, मूळ लेखकाला मराठी कुठं वाचता येतंय. 'राणी दूरच्या प्रवासाला निघून गेली' असं केलं तर?

मला वाटलं, आता बाई काहीतरी बोचरं बोलतील. त्या उशीला टेकून बसल्या.

"अहो, आमच्या घरात एका मुलाला असंच सांगितलं होतं. आई औषधपाण्यासाठी गावाला गेलीय म्हणून. मोठ्या माणसांना वाटलं, पोराला किती सांभाळून घेतलं. तो मुलगा शाळेतून आला की फाटकाशी उभा राहायचा. जेवायला हाक मारली की म्हणायचा, आई आली की जेवतो. शेवटी मी त्याला सांगितलं, तुझी आई मेलीय, ती येणार नाही. खूप रडला. रडून झाल्यावर जेवला."

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला होता. दुसऱ्याच्या घरी चहा मागवता येत नाही, म्हणून मालक नुसतेच बसून राहिले. मग म्हणाले, "राहू दे जसं आहे तसं."

ते गेल्यावर अनिकेत चहा घेऊन बाहेर आला. ट्रे ठेवून तिथंच उभा राहिला.

"तुझं लिहून कोण घेतं?"

"लिमये घेतात. अक्षर चांगलं आहे त्यांचं. पण वाचून दाखवतात तेव्हा राणी पहिल्या पानावरच गेल्यासारखी वाटते."

"मी वाचतो."

तो इंग्रजी शाळेतला. जोडाक्षराला अडखळे, तिथं बाई डोळे मिटूनच शब्द दुरुस्त करत. रोज कंपनीतून आला की तो खुर्ची पलंगाजवळ ओढून आदल्या दिवशीची पानं वाचून दाखवी. दोन-चार दिवसांत चुंबकाची गादी मला गॅलरीत उभी केलेली दिसली. बाईंच्या अंगाखाली जुनी कापसाची गादी होती.

शेवटचं पान वाचताना अनिकेत एका जागी थांबला. तिथं जोडाक्षर नव्हतं. 'राणी मेली. नातीनं तिचे डोळे मिटले,' एवढीच वाक्यं होती.

"वाच," त्या म्हणाल्या. "अजून मी आहे इथं."

त्यानं वाचलं.

त्या आठवड्यात बाईंनी मला काही सूचना दिल्या. "माझ्यावर लेख लिहायचा मोह तुम्हाला होणार. 'प्रेमळ' हा शब्द वापरू नका. आणि फणसासारख्या होत्या असं लिहू नका. मला फणस आवडत नाही." मी दोन्ही पाळल्या आहेत. शाळेच्या शोकसभेत मात्र पहिल्याच वक्त्यानं फणस काढला. दुसऱ्यानं त्यात नारळाची भर घातली.

बाई गुरुवारी दुपारी गेल्या. अनिकेत जवळ होता. त्यानं मला फोन केला. "काका, आत्या मेली," तो म्हणाला. मग त्यानं बाकीच्यांना एकेक करून फोन केले आणि सगळ्यांना हेच शब्द सांगितले. वैकुंठ स्मशानभूमीत त्याचे दोन काका कुजबुजत होते, की मुलगा गुणी आहे, शेवटपर्यंत केलं त्यानं तिचं, पण इंग्रजी शाळेत घातलं की मराठीचं हे असं होतं. अनिकेतनं ते ऐकलं. तो त्यांना चहा घ्यायला घेऊन गेला.

तिसरा खंड सर्वांत कमी खपला. मालकांनी तो पुन्हा छापला नाही. आता तो दुकानांत मिळत नाही. एक प्रत अनिकेतकडे आहे आणि एक माझ्याकडे.