बोलणाऱ्या बिजागऱ्या

जगात हरवलेली वस्तू नावाचा प्रकारच नसतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. त्यांच्या मते प्रत्येक वस्तू कुठं ना कुठं सुखरूप बसलेली असते. तिला फक्त तसं सांगता येत नाही, म्हणून आपण उगाच तिच्या नावानं गळा काढतो. बंगळूरच्या एका विमानाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात सुट्या भागांच्या भांडारात काढली. निवृत्त होऊन तंजावरला परतले तेव्हा भाग तिकडंच राहिले, पण आतोबांच्या डोक्यातून काही उतरले नाहीत. दुपारी जेवण झालं की ते झोपाळ्यावर आडवे होत, पायाच्या अंगठ्यानं हलका झोका देत आणि डोळे मिटून सांगत, "आतां तो रिबिटांचा खोका मद्रासच्या बंदरांत उतरला. हमाल सावलींत बसले आहेत. उद्यां होसूर." कुठला खोका, कुणी पाठवला, हे विचारायची सोय नव्हती. सुट्टीत पुण्याहून गेलो की मी झोपाळ्याखालीच लवंडायचो, आणि कड्यांच्या संथ करकरीत मलाही तो खोका दिसू लागायचा: ताडपत्रीखाली, नारळीच्या सावल्या अंगावरून सरकू देत, अर्धवट झोपेत निघालेला. जगातल्या साऱ्या वस्तू एकमेकींना भेटायला सावकाश निघाल्या आहेत आणि त्यांना मुळीच घाई नाही, असं वाटायचं. आत्या तेवढी जागी असे. "मद्रासांतला खोका दिसतो," ती म्हणे, "आणि आपलें जेवण झालें कीं नाहीं हें मला विचारतांत." ते खोटं नव्हतं. पापनाशमच्या एका लग्नात आतोबा लागोपाठ दोन पंगतींना बसले आणि दोन्ही वेळा त्यांनी रसमची तारीफ सारख्याच नवलानं केली.

तिकडं स्टीलच्या भांड्यांना एव्हरसिल्व्हर म्हणतात आणि काठावर मालकाचं नाव कोरून घ्यायची रीत आहे. आतोबांचं नुसत्या नावावर भागलं नाही. त्यांनी पत्ताही कोरून घेतला. 'स्वयंपाकघर, दुसरी फळी, डावीकडून तिसरें' हे सगळं तमिळ अक्षरांत, कारण पिढ्यान्‌पिढ्या तंजावरला राहिलेल्या त्या घरात मराठी बोलत, पण मराठी अक्षरं कुणाला वाचता येत नसत. आत्यानं भांडं वरच्या फळीवर ठेवलं की ते खोटं ठरे, आणि खोटं बोलणारं भांडं आतोबांना घरात खपत नसे. तिला डबे इकडचे तिकडं करायचे झाले तर आधी नाव कोरणाऱ्याला बोलावणं पाठवावं लागे. त्याची सायकल दारात दिसली की शेजारणी ओळखत, आज इथं फळ्या बदलल्या. पुढं या पत्त्यांचा फोलपणा आतोबांच्याच ध्यानात आला. "वस्तु कोठें असावी तें ह्यावर आहे," ते एक दिवस पातेलं उलटसुलट करत म्हणाले. "कोठें आहे तें कोण सांगणार?"

मी हसलो. तेव्हा आत्यानं मला मागल्या विहिरीपाशी नेऊन सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी बंगळूरच्या भांडारातून विमानाच्या दारांच्या बिजागऱ्यांची एक पेटी दिसेनाशी झाली. ती होती आतोबांच्या जिवलग मित्राच्या ताब्यात. तो तंजावरजवळच्या ओरत्तनाडूचा, आपल्यासारखाच तिकडचा मराठी. दोघं एका खोलीत राहत, एका डब्यात जेवत. साहेबांनी सगळ्यांसमक्ष त्या मित्राची ट्रंक उघडायला लावली. त्यानं त्याच संध्याकाळी राजीनामा दिला आणि गाव गाठलं. आठव्या दिवशी पेटी सापडली, आतोबांनीच तंद्रीत भलत्या फळीवर ठेवलेली. आतोबांनी तडक साहेबांपुढं कबुली दिली, साहेबांनी मित्राला परत या म्हणून पत्र घातलं, पण तो आला नाही. स्वतः आतोबांनी मात्र एक ओळ लिहिली नाही. आधी काय लिहावं ते सुचेना, मग उशीर झाला, आणि मग उशिराचीच लाज वाटू लागली. आता ओरत्तनाडू बसनं पाऊण तासावर होतं, पण त्या बसमध्ये आतोबा कधी चढले नाहीत. तिकडचं लग्न निघालं की त्यांना नेमका ताप येई. जायचं होतं त्यांना, पण रिकाम्या हातानं नाही. पुन्हा कुणाची ट्रंक उघडावी लागणार नाही असं काहीतरी हातात घेऊन त्या दारात उभं राहायचं होतं.

अशात देशात उदारीकरणाचे वारे आले आणि परदेशी विमानांचे दरवाजे बंगळूरला बनू लागले. परदेशी गिऱ्हाइकाला कुठला भाग वाटेत आहे, कुठला भांडारात, कुठला बसवून झाला, हे बसल्या जागी कळायला हवं होतं. आतोबांच्या हाताखाली तयार झालेला एक जण आता तिथं मोठा अधिकारी होता. तो एक दिवस तंजावरला आला आणि त्यानं आतोबांच्या ओंजळीत रुपयाएवढ्या वीसेक चकत्या ठेवल्या, सोबत हातात धरायचं एक यंत्र दिलं. चकतीच्या पोटात तारेचं वेटोळं आणि एक क्रमांक. ते यंत्र जवळ नेलं की रेडिओच्या लहरींवर चकती आपला क्रमांक सांगायची आणि यंत्र टिवटिवायचं. "सर, विमानाच्या भागांना ह्या कशा लावायच्या तें तुम्हीच बघा," असं म्हणून तो गेला.

मग महिनाभर ते घर बोलत होतं. फणस बोलला, वांग्यांची टोपली बोलली. आत्याच्या पदराला चकती टाचलेली, ती शेजारून परतली की आतोबा उंबऱ्यात यंत्र धरून "आली!" म्हणत, जणू समोरून येणारी बायको एरवी दिसलीच नसती. पण नाव भांड्यावरच असायला हवं, या तिथल्या शिस्तीनं त्यांनी चकती थेट पातेल्याला चिकटवली आणि सगळं मुकं झालं. पितळेवर मुकं, ॲल्युमिनियमवर तर साफ मुकं. आणि विमान काही फणसाचं करत नाहीत. आतोबांचा झोपाळा थांबला. ते बसत त्यावर, पण झोका देत नसत, आणि कुठलाच खोका कुठं पोचत नसे. मला ते बघवेना.

शेजारी एक बाई तंजावरी चित्रं करायच्या. एका सकाळी आतोबा त्यांच्या ओट्यावर नुसतेच जाऊन बसले. बाई देवाच्या मुकुटावर सोन्याचा वर्ख दाबत होत्या. "थेट फळीवर कां नाहीं लावत?" आतोबांनी तमिळमध्ये उगीचच विचारलं. "लाकडावर थेट नाही धरत हो," बाई म्हणाल्या, "आधी कापड, मग खडूचा लेप. मध्ये काहीतरी लागतंच." आतोबा उठले, जमिनीवरची फणसाच्या लाकडाची एक ढलपी न विचारता उचलली आणि चालू लागले. ढलपी पातेल्याला बांधली, तिच्यावर चकती. यंत्र टिवटिवलं. धातूला बिलगली की चकतीचा आवाज दबत होता. बोटभर अंतर मिळताच ती बोलू लागली. आत्या सांगते, त्यांनी पातेल्याला हात जोडले.

आतोबा ढलप्या घेऊन बंगळूरला गेले, तेव्हा साहेबलोक आधी हसले. मग मुद्दाम दडवलेली पेटीसुद्धा यंत्रानं हुडकली तेव्हा गप्प झाले. काही महिन्यांत परदेशातून खाली रबरी गादी असलेल्या तयार चकत्या आल्या आणि ढलप्यांची गरज संपली. मला वाईट वाटलं, आतोबांना नाही. "आतां तेथें कोणाची ट्रंक उघडणार नाहींत," एवढंच ते म्हणाले, आणि मी पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा एका शुक्रवारी मला घेऊन ओरत्तनाडूच्या बसमध्ये चढले.

मित्र ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. त्यानं वर पाहिलं, "ये" म्हणाला आणि सूप बाजूला सरकवलं. आतोबांनी पिशवीतून ढलपी आणि चकती बांधलेली बिजागरीची डबी काढून माझ्या हातात दिली आणि लपव म्हणाले. मी ती आत भाताच्या पोत्यांमागं ठेवली. आतोबा यंत्र धरून घरभर फिरले. पोत्यांपाशी यंत्र टिवटिवलं. "बघ," ते म्हणाले, "आपण होऊन सांगतें. तेव्हां हें असतें तर..."

मित्र एक शेंग सोलून झाल्यावर दारापर्यंत आला. "पेटीचें मला तेव्हांच कळलें की," तो म्हणाला. "साहेबाचें पत्र आलें होतें. तूं कोठें होतास, तें सांग."

यंत्र आतोबांच्या हातात टिवटिवतच होतं. मी ते घेऊन बंद केलं. आतोबा बाहेर येऊन ओसरीवर खाली बसले, सुपातल्या मूठभर शेंगा त्यांनी पुढ्यात ओढल्या आणि सोलू लागले. मित्रही शेजारी बसला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं तंजावरची बस आली, कोपऱ्यावर थांबली, दोनदा हॉर्न वाजवून गेली. मी आतोबांना हाक मारली नाही.