अक्कानं कॅनमध्ये भरलेले ढग

आमच्या गावात टीव्ही आला आणि त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. झालं, लोकांना कारण सापडलं. दूध सोसायटीच्या छपरावर अँटेना उभा होता, त्याच्या दांड्या ढगांना टोचतात म्हणे. त्याआधी आळ होता साखर कारखान्याच्या चिमणीवर, तिचा धूर ढगांना पळवून लावतो म्हणून. आणि त्याच्याही आधी, मोठ्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर सुकडीची गोड वडी मिळायची, तर तिच्यात पोरं होऊ नयेत असं औषध घातलंय, हे लोक शपथेवर सांगायचे. सांगायचे आणि खायचेही. आमची आई म्हणायची, "औषध तर औषध, प्वाट तर भरतंय." तिला त्यानंतरही पोरं झालीच.

टीव्ही सोसायटीच्या खोलीत असायचा, लाकडी कपाटात, कुलपात. रविवारी कार्टून लागलं की सगळी आळी तिथं. हलणारी चित्रं बघून म्हातारी माणसंसुद्धा पोट धरून हसायची. पण लाईटचा काही नेम नव्हता. चित्रातलं अस्वल झाडावरून घसरायला आणि लाईट जायला नेमकी गाठ पडायची. मग सगळे चडफडत घरी, अस्वलाचं काय झालं ते कुणालाच कळायचं नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसली होती, लग्नाची वाट बघत. तिच्या हातात अशी कला की कोळशानं भिंतीवर म्हैस काढली तर दावं शोधावं वाटायचं. तिनं सोसायटीतून टीव्हीचंच रिकामं खोकं मागून आणलं. त्याला खिडकी कापली, आत दोन लाटणी बसवली, आणि निवडणुकीच्या जुन्या पोस्टरांच्या पाठी खळीनं चिकटवून लांबलचक पट्टा केला. एकच माणूस, कधी तोंड उघडं, कधी मिटलेलं, असा पुन्हापुन्हा काढला. मागं कंदील ठेवायचा आणि मी लाटणं झटके देत फिरवायचं, की तो माणूस बोलायला लागायचा.

माणूस म्हणजे एक पटकेवाला. पाय काडीसारखे, कान डोक्याहून मोठे. अक्का खोक्यामागून घोगरा आवाज काढायची, "आतल्या गोटातली खबर हाय, कुनाला सांगू नका." आणि मग तो अँटेना, चिमणी, सुकडी, सगळ्यांची पोलखोल करायचा. त्याची बायको नुसती विचारायची, "तुमास्नी कुनी सांगितलं?" तो म्हणायचा, "सांगतंय कोन? म्हनून तर खरं हाय." लोक हसून लोळायचे. गंमत म्हणजे अँटेनाची गोष्ट सांगत फिरणारेच सगळ्यात पुढं बसून हसायचे, आणि घरी जाताना वर छपराकडं बघून चुकचुकायचेही.

मग अक्कानं ठरवलं, आता असं काहीतरी रचायचं की कुणाच्या बापाला खरं वाटणार नाही. तिनं ढगांची गोष्ट काढली. दूध थंड करायचं केंद्र आहे ना, तिथं थंडावा येतो कुठून? तर पटकेवाल्याची खबर अशी, की रिकामे कॅन माळावर उघडे ठेवतात. त्यात ढग उतरतात. मग झाकणं लावून, वर थोडं दूध घालून, ट्रकमधून पळवतात. केंद्रात ढग पिळून थंडावा काढतात, आणि उरलेला चोथा टीव्हीत सोडतात, त्याच त्या पडद्यावरच्या मुंग्या. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात जे हसणं झालं, तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. प्यायला पाणी नव्हतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि माणसं हसून हसून डोळे पुसत होती.

त्यात एक पाहुणा होता. परंड्याकडचा, सोनारीच्या जवळच्या गावातला, प्राथमिक शाळेत मास्तर. आमच्या आळीत त्याची बहीण दिलेली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सगळे गेल्यावर घुटमळत राहिला आणि अक्काला म्हणाला, "एक तुकडा द्याल का? घरी दाखवतो." अक्कानं कॅनमध्ये ढग कोंबणारा पटकेवाला फाडून त्याच्या हातात दिला. मला कधी चिटोरं दिलं नव्हतं बाईनं.

पुढं त्याच घरून मागणी आली. अक्का कंदिलाची काच पुसत होती. मला म्हणाली, "हे जमलं पायजे गं. हसनारा मानूस हाय, त्याच्या घरात मला लाटनं बी फिरवता येईल." लाजली वगैरे नाही, सरळ सांगून टाकलं. त्या दिवसापासून मीही सोनारीच्या काळभैरवाला हात जोडायला लागले, हे स्थळ जमू दे म्हणून. ती गेल्यावर माझं काय होईल हा विचारच केला नाही मी.

बघायला मास्तर आणि त्याचे वडील आले. अक्कानं चहा दिला. म्हाताऱ्यांनी कप बाजूला सारला. "दुधाचा च्या सोडलाय म्या. आमच्या गावानं डेरीला दूध घालनं बंद केलंय. म्याच बंद केलं."

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "का बरं?"

तर म्हाताऱ्यांनी खिशातून घडी काढली. अक्काचा पटकेवाला. "ढग पळवत्यात कॅनातनं. माझा ल्योक शिकल्याला हाय, त्यानं खबर आनली. कागद सुदिक हाय."

मी मास्तराकडं बघितलं. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. घरी गंमत म्हणून सांगितलं असणार, वडिलांना खरं वाटलं असणार, आणि मग बोलायची हिंमत झाली नसणार.

अक्का म्हणाली, "मामा, हे म्या काढलंय. हसन्यावारी न्यायचं हुतं, खरं न्हाय ते."

दादांनी डोळे वटारले, पण ती आत गेली आणि खोकं घेऊन आली. मी लाटणं फिरवलं, तिनं घोगरा आवाज काढला. भर दुपारी, कंदिलाशिवाय. म्हातारे पुढं वाकून शेवटपर्यंत बघत होते. ओठसुद्धा हलला नाही त्यांचा.

"पोरी, तुला हे आतलं कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय. मनानं रचलं."

"असं मनानं रचता येत न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "आता कळलं मला. डेरीवाल्यांनीच तुला काढाय लावलं. खऱ्याची टिंगल झाली की कुनी इस्वास ठेवत न्हाय. लई पोचल्याली मानसं हायत."

अक्कानं मग कुठल्याच मुलीनं कधी केलं नसेल ते केलं. बघायला आलेल्या मुलाशीच बोलली. "मास्तर, तुमी सांगा की. तुमी हसला हुता."

त्यानं मान वर केली. मी शेजारीच होते, मला दिसलं, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. मग त्यानं वडिलांकडं बघितलं आणि म्हणाला, "बाबा म्हनत्यात त्यात तथ्य असंल."

त्यांचा होकार आला, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पोरगी हुशार आहे, डेरीच्या आतल्या बातम्या कळतील, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. दादांना आनंद झाला. अक्का म्हणाली, "मला न्हाय करायचं." दादांनी घर डोक्यावर घेतलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या वडलांना खरं वाटलं, त्याचं काय न्हाय. मास्तरांना मात्र खोटं हाय हे ठावं हुतं."

तिचं लग्न पुढं लातूरकडं झालं. माणूस चांगला, कष्टाळू, पण चित्रांचं त्याला काही नव्हतं. खोक्यात आईनं कोंबडीची पिल्लं ठेवली. पुढं घरोघरी टीव्ही आले, आणि ज्याच्या त्याच्या घरात जो तो हसायला लागला. मला मात्र ते अंगण पाहिजे असतं अजून, आणि खोक्यामागचा अक्काचा खांदा माझ्या खांद्याला घासत असलेला. किती वर्षं झाली तरी ती ओढ जात नाही.

मास्तर मला एकदाच भेटला, धाराशिवच्या एसटी स्टँडवर. केस पांढरे झाले होते. त्यानं विचारलं, अक्का अजून चित्रं काढतात का. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मी तवा हसायला पायजे हुतं." मग त्याची गाडी लागली.

पंचमीला अक्का माहेरी आली तेव्हा मी तिला सांगितलं. वाटलं, दोन शिव्या हासडेल. ती माझ्या लेकीची वेणी घालत होती.

"लई जीव हुता गं माझा त्यांच्यावर," ती म्हणाली. "नुसतं हसले असते तरी म्या त्या म्हाताऱ्याला जलमभर बिनदुधाचा च्या करून घातला असता."